सर्वो मोटर नेमक्या कोनात कशी थांबते?

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाचे सुकाणू किंवा विज्ञान प्रदर्शनातील यंत्रमानवाचा हात हवा तेवढाच वळतो आणि तेथेच स्थिर राहतो. साध्या मोटरला हे साधत नाही. वीज मिळत असेपर्यंत ती फिरतच राहते. या कामासाठी सर्वो मोटर वापरतात.

सर्वोच्या लहानशा डबीत चार भाग असतात : डी.सी. मोटर, तिचा वेग कमी करून वळवण्याचे बल वाढवणारी दंतचक्रे, पोटेन्शिओमीटर आणि इलेक्ट्रॉनिक मंडल. पोटेन्शिओमीटर म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असे, तसा बदलता रोध. तो बाहेरच्या दांड्याला जोडलेला असल्याने दांडा सध्या कोणत्या कोनात आहे, हे मंडलाला सतत कळते. अपेक्षित व प्रत्यक्ष कोनांत फरक असेल, तर तो नाहीसा होईपर्यंत मंडल मोटर योग्य दिशेने फिरवते. दांडा कोणी ढकलला, तर फरक पुन्हा निर्माण होतो आणि मोटर त्याला मागे खेचते.

सर्वोला तीन तारा असतात : धन, ऋण आणि संकेताची. संकेताच्या तारेतून साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी एक विद्युतस्पंद येतो. हा स्पंद किती काळ टिकतो, त्यावरून कोन ठरतो. १.५ मिलिसेकंदांच्या स्पंदाने दांडा मध्यावर येतो. १ आणि २ मिलिसेकंदांच्या स्पंदांनी तो दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश वळतो. याहून कमी-अधिक काळाचे स्पंद देऊन अनेक सर्वो एकूण १८० अंशांपर्यंत फिरवता येतात. नेमकी मर्यादा प्रत्येक बनावटीची वेगळी असते.

बहुतेक छोटे सर्वो ४.८ ते ६ व्होल्टवर चालतात; मात्र भार वाढताच ते बराच अधिक प्रवाह ओढतात. नियंत्रक बोर्डावरूनच वीज घेतल्यास व्होल्टता घसरून बोर्ड पुन:पुन्हा बंद-चालू होतो. नवशिक्यांना प्रोग्रॅम चुकला असे वाटते, पण दोष वीजपुरवठ्याचा असतो. म्हणून सर्वोला स्वतंत्र बॅटरी द्यावी. मात्र बॅटरी व बोर्ड यांची ऋण टोके एकमेकांना जोडावीत, अन्यथा संकेत नीट पोहोचत नाही.

दांडा कोठे अडला, तर कोनातील फरक कधीच मिटत नाही. मोटर घरघरत जोर लावत राहते, तापते आणि अखेर जळते किंवा प्लॅस्टिकच्या चक्रांचे दात तुटतात. अशी घरघर ऐकू येताच वीज बंद करावी आणि प्रोग्रॅममध्ये दांड्याच्या फिरण्याची मर्यादा आखून द्यावी.