मत आधीं, मान मागाहून
(ऑस्ट्रेलियांतील स्त्रीजीवनाचा एक धडा)

एखाद्या देशांतील स्त्रियांची स्थिति पाहावयाची झाल्यास पुष्कळ लोक प्रथम कायद्याचें पुस्तक उघडतात. त्यांत मताचा हक्क लिहिलेला सांपडला म्हणजे तेथील स्त्री स्वतंत्र झाली, असा निर्वाळा देऊन ते मोकळे होतात. हें माप किती अपुरें आहे, तें ऑस्ट्रेलियाच्या इतिहासावरून चांगलें कळून येतें. तेथील स्त्रीस मत मिळालें तें जगांतील बहुतेक देशांच्या आधीं. परंतु मताच्या पाठोपाठ यावयाच्या गोष्टींसाठीं तिला पिढ्यान् पिढ्या वाट पाहावी लागली.

तेथील गोऱ्या वसाहतीचा आरंभच विलक्षण आहे. इ. स. १७८८ मध्यें कैद्यांनीं भरलेलीं इंग्रजी जहाजें सिडनीच्या किनाऱ्यास लागलीं. १८६८ पर्यंत सुमारें १,६०,००० कैदी तिकडे धाडण्यांत आले. त्यांत स्त्रिया २५,००० च्या आसपास होत्या. पॅरामाटा येथें १८२१ सालीं स्त्री-कैद्यांसाठीं जी इमारत उभी राहिली तिला ‘कारखाना’ म्हणत. ती एकाच वेळीं तुरुंग, कामाची जागा आणि वधूंचा बाजार होती. लग्न करूं इच्छिणारा पुरुष तेथें येऊन बायको निवडून नेई.

अशा समाजांत अर्ध्या शतकानंतर निराळे वारे वाहूं लागले. १८८३ मध्यें बेला गेरिन ही मेलबर्न विद्यापीठाची पहिली स्त्री-पदवीधर झाली. १८८४ मध्यें व्हिक्टोरिया वसाहतींत विवाहित स्त्रीस स्वतःच्या नांवावर मालमत्ता ठेवण्याचा अधिकार मिळाला. १८९१ सालीं तेथीलच स्त्रियांनीं सुमारें ३०,००० सह्यांचा अर्ज कायदेमंडळापुढें ठेवून मत मागितलें. पण तें त्यांच्या पदरांत पडण्यास १९०८ साल उजाडलें.

यश प्रथम आलें तें दक्षिण ऑस्ट्रेलियांत. आयर्लंडांतून आलेली मेरी ली ही वृद्ध विधवा तेथील चळवळीचा प्राण होती. १८९४ मध्यें ११,६०० सह्यांचा अर्ज ॲडलेड येथील कायदेमंडळांत आला. विधेयक बुडविण्याच्या हेतूनें एका विरोधी सभासदानें सुचविलें कीं, स्त्रीस नुसतें मत कशाला, निवडणुकीस उभें राहण्याचाहि हक्क द्यावा. एवढी मजल ऐकून सभागृह बिचकेल, असा त्याचा अंदाज. पण सभागृह बिचकलें नाहीं. १८ डिसेंबर १८९४ रोजीं दोन्ही हक्क एकदमच मंजूर झाले.

आतां मौज पाहा. ज्या कायदेमंडळानें हा मान सर्वांच्या आधीं दिला, तेथें पहिल्या स्त्री-सभासद बसल्या १९५९ सालीं, म्हणजे तब्बल ६५ वर्षांनीं! साऱ्या देशाची कथाहि अशीच. १९०२ मध्यें राष्ट्रीय निवडणुकींत स्त्रियांस मत व उमेदवारी मिळाली. १९०३ मध्यें व्हायडा गोल्डस्टीन सिनेटसाठीं उभी राहिली. तिला ५१,००० हून अधिक मतें पडलीं, पण ती हरली. राष्ट्रीय कायदेमंडळांत एनिड लायन्स व डोरोथी टँग्नी या पहिल्या दोन स्त्रिया निवडून आल्या तें वर्ष १९४३.

असें कां व्हावें? एक कारण वेतनाच्या न्यायांत सांपडतें. १९०७ मध्यें न्यायमूर्ति हिगिन्स यांनीं अकुशल मजुरास दिवसाकाठीं सात शिलिंग द्यावे, असा प्रसिद्ध निवाडा दिला. हिशेब धरला तो पुरुष, त्याची बायको व तीन मुलें यांचा. तत्त्व उदार होतें. पण त्यांत स्त्री ही पोसली जाणारी, पोसणारी नव्हे, असें गृहीत होतें. १९१२ मध्यें त्याच न्यायाधीशांनीं फळें तोडणाऱ्या स्त्रियांस पुरुषांइतकें वेतन दिलें, कारण स्वस्त मजूर म्हणून त्यांनीं पुरुषांची जागा घेऊं नये. फळें पेटींत भरण्याचें काम मात्र ‘बायकी’, म्हणून त्याचा दर कमी. १९१९ मध्यें कापड-शिवणकामाच्या धंद्यांत स्त्रीचें मूळ वेतन पुरुषाच्या सुमारें ५४ टक्के ठरलें. केंद्र सरकारच्या नोकरींतील स्त्रीस लग्न होतांच कायम जागा सोडावी लागे. तो नियम १९६६ पर्यंत टिकला. समान मोलाच्या कामास समान वेतन हें तत्त्व मान्य झालें १९७२ मध्यें. स्त्री पंतप्रधान, जुलिया गिलार्ड, देशास लाभली ती २०१० सालीं.

पण या सर्व कथेंत ‘स्त्री’ म्हणजे कोण, हाहि प्रश्न आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाचा कायदा आदिवासी स्त्रियांसहि लागू होता, आणि १८९६ मध्यें पॉइंट मॅक्ले येथील आदिवासी स्त्रियांनीं मतें दिलीं. १९०२ च्या राष्ट्रीय कायद्यानें मात्र ऑस्ट्रेलिया, आशिया व आफ्रिका येथील मूळ रहिवाशांस मत नाकारलें. जुन्या मतदारांसाठीं ठेवलेल्या सवलतीचा अधिकाऱ्यांनीं फारच संकुचित अर्थ लाविला. म्हणजे गोऱ्या भगिनीस ज्या कायद्यानें दार उघडलें, त्यानेंच काळीस तें लावून घेतलें. तेथें स्थायिक झालेले आपले हिंदी लोकहि १९२५ पर्यंत त्या दाराबाहेरच उभे होते. आदिवासींपैकीं ज्यांस राज्यांत मत होतें त्यांना तें राष्ट्रीय निवडणुकींत १९४९ मध्यें मिळालें. सर्वांना मिळालें १९६२ मध्यें.

म्हणून हक्क एकदां मिळाला कीं तो कायमचा आपला, असें समजून स्वस्थ बसतां येत नाहीं. पॉइंट मॅक्लेच्या आजीनें जें मत पेटींत टाकलें होतें, तें तिच्या नातीला पुन्हा मागून घ्यावें लागलें.