विषबाधेचा जिल्हा आणि चार हजारांचं कवच

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. सात वर्षांनी, १७ डिसेंबर २०२४ला, ‘किसान कवच’ हा पोशाख जाहीर झाला. बंगळुरूची इनस्टेम ही सरकारी संशोधनसंस्था आणि सेपिओ हेल्थ ही छोटी कंपनी यांनी तो घडवला. कापडातलं ऑक्झिम हे रसायन ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषाला त्वचेपर्यंत पोचण्याआधीच निकामी करतं. कल्पना देखणी आहे, यात वाद नाही.

असं काही घडवणाऱ्या नवउद्योगाला मदत म्हणजे अनुदान आणि प्रयोगशाळा, असं आपण धरून चालतो. पुण्याचं व्हेंचर सेंटर २००७पासून आणि केंद्राचं बायरॅक २०१२पासून अशीच मदत पुरवतात, ती हवीच. पण पोशाखाची जाहीर किंमत चार हजार रुपये होती, आणि फवारणीचा पंप पाठीवर घेणारा बहुधा रोजंदार असतो. पोशाख धुऊन वर्षभर वापरता येतो, तेव्हा महाग नाही, असं कुणी म्हणेल. हिशेब बरोबर आहे, पण रक्कम एकदम मोजायची कुणी? म्हणून पहिली खरेदी सरकारनेच करावी. त्यापेक्षा घातक औषधांवरच बंदी घाला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१७च्या त्या हंगामात यवतमाळात विकलं गेलेलं डायफेन्थियुरॉन हे कीटकनाशक तर ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलंच नाही, म्हणजे नुसत्या कवचावर विसंबता येणार नाही.