फाट्यावरचा निरोप: पाकिटापासून चॅनेलपर्यंत

जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला सेलूचा रस्ता जिथे मिळतो, ते ठिकाण देवगाव फाटा. तालुका सेलू, जिल्हा परभणी. मराठवाड्यात अशा फाट्यांना स्वतःची वेस किंवा गढी असतेच असे नाही. एसटीचा थांबा, चहाची हॉटेले, खत-बियाण्यांची दुकाने आणि अलीकडे मोबाइलचे दुकान एवढ्यावर फाटा उभा राहतो. आतल्या गावांना येणारा माणूस, वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि निरोप आधी फाट्यावर उतरतात. संदेशवहनाचा इतिहास सहसा शोध लावणाऱ्यांच्या बाजूने सांगितला जातो: अमुक साली तार, अमुक साली मोबाइल, अमुक साली व्हॉट्सॲप. फाट्याच्या बाजूने पाहिले तर तारखा बदलतात. इथे कोणतेही साधन ते निघाले तेव्हा आले नाही. अंतर, दर आणि लिपी या तीन अडचणींपैकी एखादी सुटली तेव्हा आले.

हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे टपालखाते वेगळे होते. १८६९ पासून निजामाची स्वतःची तिकिटे निघत. १८७१ नंतरच्या तिकिटांवर उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशा चार लिप्यांत मजकूर असे. कारभार आधी फारसीत आणि मग उर्दूत चालणाऱ्या राज्यात तिकिटावर का होईना, देवनागरीला जागा होती. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर गोदावरी खोऱ्यातली मनमाड-हैदराबाद रेल्वे झाली आणि सेलूला स्टेशन मिळाले. पत्र स्टेशनापर्यंत लवकर येऊ लागले; तिथून पुढची वाट मात्र बैलगाडीची आणि पायी चालणाऱ्या माणसाची होती. १ एप्रिल १९५० रोजी संस्थानाचे टपाल भारतीय टपालखात्यात विलीन झाले.

पुढची निदान तीन दशके फाट्यावरचे खरे वेगवान साधन एसटी होती. चालकाकडे किंवा वाहकाकडे पाकीट द्यायचे, कुणाला द्यायचे ते सांगायचे आणि पलीकडच्या थांब्यावर कुणीतरी उभे राहायचे, अशी ही बिनपावतीची व्यवस्था. गावोगावचे वार्ताहर बातम्यांची पाकिटेही अशीच पाठवत. सकाळी लिहिलेली बातमी संध्याकाळपर्यंत औरंगाबादला पोहोचली तर दुसऱ्या दिवशी छापून येई. गाडी चुकली की बातमी शिळी. तारेची सोय होती, पण ती बहुधा इंग्रजीत, शब्दांवर पैसे मोजून आणि फार करून मयताचीच. दारात तारवाला दिसला की घरात आधी रडारड सुरू होई, वाचणे नंतर. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तोवर तिची आठवण काढणारेही थोडेच उरले होते.

टेलिफोनने अंतराची अडचण सोडवली, दराची नाही. ऐंशीच्या दशकात सी-डॉटने देशी बनावटीची छोटी ग्रामीण एक्स्चेंजेस तयार केली. उन्हात, धुळीत आणि वातानुकूलनाशिवाय चालणारी ही यंत्रे नसती तर लहान गावांत फोन आणखी कितीतरी उशिरा आला असता. त्यापाठोपाठ पिवळ्या पाट्यांची एसटीडी बूथ रस्त्यारस्त्यावर आली. लग्नपत्रिकेत, अर्जावर, पत्राच्या कोपऱ्यात क्रमांकापुढे ‘पी.पी.’ लिहिलेले असे. त्याचा अर्थ फोन शेजाऱ्याचा किंवा दुकानदाराचा. पलीकडून आवाज येई, “जरा बोलवता का, दहा मिनिटांनी परत लावतो.” मग दुकानातले पोर पळत जाई. काचेच्या खोलीत लाल आकडे सरकत असत आणि बोलणारा बोलण्यापेक्षा त्या आकड्यांकडे जास्त बघे. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून पुण्या-मुंबईत कामाला गेलेल्या मुलाचा फोन बहुधा निजानीज झाल्यावरच येई.

३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. त्या वेळी येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. मे २००३ पासून येणारा कॉल फुकट झाला, आणि खेड्यापाड्यांच्या दृष्टीने मोबाइलचा जन्म तेव्हाचा मानावा. लगेच मिस कॉलची भाषा तयार झाली. “फाट्यावर उतरलो की मिस कॉल देतो” हे वाक्य अशा प्रत्येक थांब्यावर रोज बोलले गेले. घरून मोटारसायकल निघण्यासाठी एक रिंग पुरेशी होती, आणि तिला एक पैसाही पडत नव्हता. कोणत्याही कंपनीने हे साधन बनवले नव्हते. ते लोकांनी दरपत्रकातल्या फटीतून काढले, आणि या इतिहासातला सर्वांत हुशार शोध कदाचित तोच आहे.

एसएमएस डिसेंबर १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाला. महाराष्ट्राच्या खेड्यात तो रुजला तो आकडी बटणांच्या फोनांबरोबर, आणि तिथे लिपी आडवी आली. रोमन अक्षरांत एका संदेशात १६० अक्षरे बसत. देवनागरीत केवळ ७०, त्यातही प्रत्येक काना-मात्रा वेगळी मोजलेली. शिवाय समोरच्याच्या फोनवर देवनागरी नसेल तर नुसते चौकोन दिसणार. म्हणून ‘kuthe ahes’, ‘jevlas ka’ अशा रोमन मराठीची एक पिढीच घडली. सणाच्या दिवशी कंपन्यांचे स्वस्त पॅक चालत नसत, प्रत्येक संदेशाला पूर्ण दर लागे; त्यामुळे दिवाळीच्या शुभेच्छा आदल्या संध्याकाळीच निघत. जाहिरातींचा त्रास आवरण्यासाठी २०११ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एका सिमवरून दिवसाला १०० संदेशांची मर्यादा घातली, नंतर ती २०० केली. जाहिरातदारांना आळा किती बसला हे सांगणे कठीण, पण लोकांना एसएमएस सोडायला एक निमित्त मिळाले.

लिपीचे कोडे सुटायला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि त्या कामाचा मोठा भाग महाराष्ट्रातच झाला. पुण्याच्या सी-डॅकने संगणकावर भारतीय लिप्या आणणारे जिस्ट तंत्रज्ञान पसरवले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी मराठी छपाईत घरोघर म्हणावे इतके वापरात होते. पण या फाँटांत एक मेख होती. श्रीलिपीत टाइप केलेली बातमी ई-मेलने पाठवली आणि समोरच्या संगणकावर तोच फाँट नसला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटे. एसटीतून जाणारे पाकीट निदान वाचता तरी येत होते! युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरी विंडोज एक्सपीच्या काळातही सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे, मूळ सीडी घालावी लागे, आणि मग मराठी अक्षरे जागेवर येत. सायबर कॅफेतल्या किती संगणकांना ती सीडी दिसली असेल? मराठीचे खास अक्षर ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आले; तोवर ‘अ’वर चंद्र ठोकून भागवले जात होते. नोव्हेंबर २००९ मध्ये राज्य शासनाने मराठी वर्णमालेचा निर्णय काढून या अक्षराला अधिकृत स्थान दिले.

फोनवर ही गाडी आणखी मागे होती. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर जोडाक्षरे मोडून दिसत. २०११-१२ च्या आवृत्त्यांपासून ती सावरू लागली. २०१३ च्या सुमारास आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्राने ‘स्वरचक्र’ हा कळफलक दिला. ‘क’वर बोट ठेवले की भोवती का, कि, की, कु अशी बाराखडी गोल उघडते, पाटीवर शिकलेल्या माणसाला वेगळे काही शिकावे लागत नाही. इंग्रजी न आलेल्या माणसाला टाइप करता यावे असा विचार करून बनवलेले ते मोजक्या साधनांपैकी एक होते. पुढे गुगलचे कळफलक सर्रास झाले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांत मराठी बोलून टाइप करण्याची सोय आली.

ऑर्कुट २००४ मध्ये सुरू होऊन २०१४ मध्ये बंद पडले. याहू मेसेंजरही येऊन गेला. दोन्ही कॅफेत बसणाऱ्या कॉलेजच्या मुलांची साधने. त्यांचा फाट्याशी संबंध नव्हता. व्हॉट्सॲपचा आला, याचे कारण ते साध्या नोकियावरही चाले आणि त्याला ई-मेल पत्ता लागत नसे. फोन नंबर हीच ओळख. २०१६ च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादेतून सुरू झालेल्या मराठा मूक मोर्चांची बांधणी बऱ्याच अंशी व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर झाली. जिओ बाजारात आले ५ सप्टेंबर २०१६ रोजी, म्हणजे मोर्चे सुरू झाल्यानंतर. स्वस्त डेटाने मराठवाडा जोडला असे सरसकट म्हणण्यापूर्वी हा क्रम लक्षात ठेवावा. जिओने केले ते वेगळे: ‘नेट मारणे’, म्हणजे डेटाचे रिचार्ज करणे, ही चैन राहिली नाही, फोटो आणि व्हिडिओ मोजून उघडायची गरज राहिली नाही. साध्या बटणाच्या जिओफोनवर व्हॉट्सॲप २०१८ मध्ये आले आणि त्याच वर्षाअखेर नोकियाच्या जुन्या एस-४० फोनांवरचे बंद झाले. सुधारणा म्हणजे जुना फोन निकामी होणे, हा अनुभवही तेव्हाचाच.

या सगळ्या सुधारणांत खेड्यासाठी सर्वांत मोठी कोणती, असे विचारले तर उत्तर ऑगस्ट २०१३ मध्ये आलेला आवाजी संदेश हेच द्यावे लागेल. माइकचे चिन्ह दाबून धरायचे, बोलायचे, सोडायचे. लिपीचा वर्षानुवर्षांचा घोळ या एका बटणाने बाजूला सारला. शाळा न पाहिलेली आजी नातवाला ‘व्हॉइस टाकते’, त्यात परभणीची बोली जशीच्या तशी असते, आणि शुद्धलेखन तपासणारे कुणी नसते.

ग्रुपची मर्यादा ही वरवर रूक्ष वाटणारी बाब, पण सेलू तालुक्यात तिला फार महत्त्व आले. एका ग्रुपमध्ये किती माणसे बसतात, हा आकडा २०१४ च्या अखेरीस १००, २०१६ मध्ये २५६ आणि २०२२ मध्ये आधी ५१२ व मग १०२४ झाला. ज्याला हजारोंपर्यंत पोहोचायचे, त्याला एक-दोन-तीन असे क्रमांक टाकून ग्रुपांची माळ लावावी लागे. एकगठ्ठा संदेशाची यादीही २५६ जणांची, आणि तो संदेश ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर फोनमध्ये ठेवला आहे त्यांनाच मिळे. या चौकटीत राज्यभर पोहोचलेले नाव म्हणजे याच तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख. त्यांचे हवामान अंदाज व्हॉट्सॲप ग्रुप आणि यूट्यूबवरून महाराष्ट्रभर फिरले; २०२४ ची लोकसभा निवडणूक त्यांनी परभणीतून वंचित बहुजन आघाडीतर्फे लढवली. हवामानशास्त्रज्ञांनी त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले आहेत आणि ते डावलता येणार नाहीत. तरी त्या संदेशांचा घाट पाहण्यासारखा आहे: तारखा, जिल्ह्यांची नावे आणि ‘पेरणीची घाई करू नका’ अशा धाटणीचा बोलीतला सल्ला. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची कृषी हवामान पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. ती शास्त्रशुद्ध असते आणि मराठीतही असते. पण पानांच्या पीडीएफपेक्षा चार ओळींचा मजकूर लवकर पुढे सरकतो. त्याचा तोटाही तसाच: गेल्या वर्षीचा अंदाज साल गळून या वर्षी पुन्हा फिरतो.

पुढे ढकलण्याची ही सोय जिवावर बेतली ती १ जुलै २०१८ रोजी. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. फाट्याफाट्यावर पाल ठोकून गावोगाव भिक्षा मागणाऱ्या भटक्या जमातींना त्या काळात अनोळखी गावात शिरणे अवघड झाले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने ढकललेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ची खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. महाराष्ट्रातल्या एका पाड्यावरची आणि देशात इतरत्रची हत्याकांडे यांमुळे जगभराच्या फोनमधले बटण बदलले. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असे ठरले.

याच काळात ग्रुपचा कारभारही कडक झाला. फक्त ॲडमिनने लिहावे ही सोय २०१८ ची, कुणी आपल्याला ग्रुपमध्ये ओढावे हे ठरवण्याची २०१९ ची. निवडणूक किंवा सण आला की पोलिसांच्या सूचना ॲडमिनच्या नावे निघू लागल्या, आणि खेड्यात ॲडमिनपद मानाचे होते ते जोखमीचे झाले. सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला, त्यात ॲडमिनचा समान हेतू नसेल तर, ॲडमिन जबाबदार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. तो ग्रुपांवर फॉरवर्ड झाला हे वेगळे सांगायला नको.

सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात चॅनेल आले आणि क्रमांकांच्या ग्रुपांची गरज संपली. चॅनेलला सभासदसंख्येची मर्यादा नाही आणि वाचणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. मात्र वाचणाऱ्याला तिथे लिहिताही येत नाही, नुसता अंगठा दाखवता येतो. ग्रुपात शेतकरी बोंडअळीचा फोटो टाकून विचारू शकत होता, चॅनेलवर ते जमत नाही. सोय वाढली आणि संवाद घटला, असा हा बदल आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवरून देण्यासाठी मेटा कंपनीशी करार केला. ही सेवा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत, लिहून तसेच बोलून वापरता येईल असे तेव्हा जाहीर झाले.