भूल आणि अंगातले पहारेकरी

आम्ही शाळा फारशी शिकलो नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर. आमचा एक सोबती हर्नियाची शस्त्रक्रिया दोन वर्षे टाळीत राहिला. सुरीचे त्याला भय नव्हते. "भूल घेतली की अंगातली ताकद जाते," असे तो म्हणे. शेवटी आतडे अडकले आणि तो गेला. त्याच्या म्हणण्यात तथ्य किती होते, हे इतिहासालाच विचारू या.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या इस्पितळात मॉर्टनने रोग्यास ईथर हुंगवले आणि वॉरेनने त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली. पुढच्याच वर्षी एडिंबरोत सिम्पसनने क्लोरोफॉर्म वापरले. वेदना गेली, पण जखमा चिघळून रोगी दगावतच राहिले. १८६७ साली लिस्टरने कार्बोलिक अ‍ॅसिडने जंतू मारण्याची रीत मांडली. अंगात शिरलेल्या जंतूंना पांढऱ्या पेशी गिळतात, हे पुढे मेचनिकॉफने दाखविले. हेच आपले पहारेकरी.

मग भुलेत हे पहारेकरीही पेंगतात काय? १९११ साली अमेरिकेतील एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी दाखविले की, ईथर दिल्यावर पेशींचे हे गिळणे मंदावते. म्हणजे आमच्या सोबत्याची शंका अगदीच खुळी नव्हती!

परंतु सारा दोष भुलेच्या माथी मारणे न्यायाचे नाही. चिरफाड हाच शरीरावर मोठा आघात. त्याने कॉर्टिसॉल वाढते व प्रतिकारशक्ती काही काळ दबते. शिवाय भुलेत अंग थंड पडते, कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला प्राणवायू कमी पोचतो. १९९६ साली मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. थंड पडलेल्यांपैकी शेकडा १९ जणांच्या जखमा दूषित झाल्या. उबदार ठेवलेल्यांपैकी अवघ्या शेकडा ६ जणांच्या. २०१९ साली स्तनाच्या कर्करोगाच्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. एका गटाला वायूची भूल, दुसऱ्याला भाग बधिर करून शिरेतून औषध. रोग उलटण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच, सुमारे शेकडा १०.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच: भुलेच्या भयाने शस्त्रक्रिया टाळू नका. डॉक्टरांना मात्र निर्भयपणे विचारा, "आमच्या माणसाला ऊब राहील ना?" असे विचारणे हा उर्मटपणा नव्हे, तो रोग्याचा हक्क आहे.