चौकटीची पट्टी आणि भिंतीचा काठ



गेल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाने गावी नवे घर बांधायला काढले. जुना वाडा दोन पावसाळ्यांपूर्वी खचला होता. त्याच्या ढिगाऱ्यातून माजघराच्या दाराची सागवानी चौकट तेवढी शाबूत निघाली, आणि ती नव्या घरात बसवायची असे भावाच्या मनात होते. गवंड्याने विचारले, "सर, भिंतीला खाली स्कर्टिंग किती इंची घेऊ? आणि दारांभोवतीची पट्टी किती रुंद?" भावाने तालुक्याच्या गावी एका जुन्या साहेबी बंगल्यात फूटभर उंचीचे स्कर्टिंग पाहिलेले. तसेच त्याला हवे होते. "दादा, तू इतिहास शिकवतोस, तूच सांग," म्हणून त्याने ते माप माझ्यावर ढकलले. मी जरा चपापलोच. पण पुस्तके काढून बसलो तेव्हा ध्यानात आले, की या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो चांगला दोन हजार वर्षांचा आहे.

आधी ही दोन कशासाठी असतात ते पाहू. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तो सांधा नाजूक. केरसुणी तिथे लागते, पाणी तिथे उडते, गिलावा पहिल्यांदा तिथेच सुटतो. आपल्या आया-आज्या सारवलेल्या घरात भिंतीच्या तळाशी गेरूचा पट्टा ओढीत, आणि शाळेच्या वर्गात भिंतीचा खालचा भाग गडद रंगाने रंगवतात, त्यामागे शोभेइतकीच ही सोय आहे. लुगड्याला काठ असतो तसा हा भिंतीचा काठ. इंग्रजांनीही त्याला वस्त्राच्या घेरावरूनच नाव दिले. दाराचेही तसेच. चौकट आणि गिलावा यांच्यामध्ये फट राहते, ती झाकायला चौकटीभोवती पट्टी ठोकतात. तिला आर्किट्रेव्ह म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ मुख्य तुळई. खांबांवरची ती तुळई पुढे दाराच्या डोक्यावर आली, आणि तिथून दोन्ही बाजूंनी खाली उतरली.

आता मापाकडे येऊ. रोमन स्थपती व्हिट्रूव्हियस ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात होऊन गेला. देवळाच्या दाराविषयी लिहिताना तो म्हणतो की दाराच्या उंचीचा बारावा भाग ही बाजूच्या पट्टीची रुंदी असावी. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिता' लिहिली. तिच्या वास्तुविद्येच्या अध्यायात दाराच्या बाजूंचे माप दिले आहे: उंचीला सातने गुणावे आणि ऐंशीने भागावे, ती रुंदी. शिक्षकमित्रांनी हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. सात फुटी दार म्हणजे 84 इंच. रोमन नियमाने पट्टी 7 इंच येते, वराहमिहिराच्या नियमाने 7.35 इंच. मध्ये पाच-सहा शतके आणि दोन समुद्र, आणि फरक अर्ध्या इंचाच्या आत! कोणी कोणाचे पाहून लिहिले, असे म्हणायला मी तयार नाही. मला वाटते, दगड आणि लाकूड हाताळणाऱ्या माणसांचे डोळे दोन्हीकडे सारखेच होते. जाता जाता एक गोष्ट सांगतो. त्याच ठिकाणी वराहमिहिर चौकटीच्या खालच्या आणि वरच्या आडव्या लाकडांना उदुंबर म्हणतो. आपला उंबरा, उंबरठा हा त्याच शब्दाचा वंशज.

युरोपात हा नियम पुन्हा वर आला तो इटलीत. पॅलाडिओने 1570 साली छापलेल्या ग्रंथात सांगितले की पट्टी दाराच्या रुंदीच्या सहाव्या भागाहून कमी नसावी आणि पाचव्याहून जास्त नसावी. उंचीच्या निम्मी रुंदी धरली, तर रुंदीचा सहावा म्हणजे उंचीचा बारावाच! इंग्लंडात जेम्स गिब्जने 1732 साली मापांचे पुस्तक काढले. अशा पुस्तकांच्या आधाराने, लॅटिनचा गंध नसलेले सुतारसुद्धा रोमन मापाची दारे करू लागले.

स्कर्टिंगचा उगमही खांबातच आहे. त्या काळचा इंग्रज स्थपती खोलीची भिंत म्हणजे आडवा पसरलेला खांबच समजे. खांबाच्या बैठकीला तळ, मधला भाग आणि वरची कड असते. भिंतीवर तळाच्या जागी स्कर्टिंग आले, मधल्या भागाच्या जागी कंबरेइतकी लाकडी तावदाने, आणि कडेच्या जागी खुर्चीच्या पाठीच्या उंचीवरची पट्टी. त्यामुळे खोली जितकी उंच, तितकी बैठक उंच, आणि स्कर्टिंगही त्या प्रमाणात. पुढे मधली तावदाने बऱ्याच घरांतून गेली. एकटे स्कर्टिंग खाली राहिले, आणि एकटे राहिल्यावर वाढत गेले.

एकोणिसाव्या शतकात लाकूड रंधण्याची, नक्षीची पट्टी काढण्याची यंत्रे आली. इमारती लाकडावरची इंग्लंडची जकात 1842 नंतर उतरत गेली आणि 1866 साली उठली. बाल्टिक किनाऱ्याचे स्वस्त देवदार गोदीत उतरू लागले. मग मध्यमवर्गी घरांतही फूटभर उंचीचे, दोन-तीन फळ्या एकावर एक जोडून केलेले स्कर्टिंग दिसू लागले. पण ते कुठे? पाहुण्यांच्या दिवाणखान्यात. जिना चढून वर जावे तसतशी फळी बुटकी आणि साधी होत जाई, आणि माळ्यावर मोलकरीण झोपे तिथे नुसती एक सपाट फळी. तळघरातल्या स्वयंपाकघरातही तेच. एकाच छपराखाली कोणाची पायरी कोणती, हे भिंतीच्या तळाकडे पाहून सांगता येत असे. दिवाणखान्यातल्या त्या नक्षीच्या खाचांतली धूळ रोज पुसायची कोणी? त्या माळ्यावरच्या मुलीनेच.

पहिल्या महायुद्धानंतर हे बदलले. 1918 साली ट्यूडर वॉल्टर्स समितीने कामगारांच्या घरांविषयी अहवाल दिला, 1919 साली कायदा झाला, आणि नगरपालिका घरे बांधू लागल्या. छते खाली आली, पट्ट्या साध्या झाल्या. आज तिकडे सर्वसाधारण घराची उंची आठ फुटांच्या आसपास असते. तिथले सुतार दाराची पट्टी अडीच-तीन इंच घेतात, आणि स्कर्टिंग तिच्या सुमारे दुप्पट. एक गोष्ट मात्र ते कटाक्षाने पाळतात. दाराची पट्टी स्कर्टिंगपेक्षा जाड हवी, कारण ती थेट जमिनीपर्यंत येते आणि स्कर्टिंग तिला येऊन टेकते. स्कर्टिंग जाड असेल तर त्याचे कापलेले टोक बाहेर उघडे पडते. अशा वेळी दाराच्या पायाशी एक जाड ठोकळा बसवून दोन्ही बाजू त्यावर टेकवतात.

आपल्याकडे साहेब आला तो आपली मापे घेऊन आला. उन्हाळ्यामुळे त्याने बंगल्यांची छते आणखी उंच केली. पण लाकडी स्कर्टिंगला इथली वाळवी आणि ओल मानवेना. म्हणून दगड, सिमेंट, फरशी यांचे स्कर्टिंग आले, आणि तेच आपल्या गवंड्यांच्या हाती राहिले.

आता भावाचे घर. आमची जुनी चौकट मी टेपने मोजली. उंची साडेपाच फूट, बाजूची कोरीव पट्टी सव्वापाच इंच. रोमन नियमाने साडेपाच यायला हवी होती, वराहमिहिराच्या नियमाने पावणेसहा. आमच्या सुताराने यातले कोणाचेही नाव ऐकले नसणार. भोवती आणखी पट्टी ठोकण्याची गरजच नव्हती, ती चौकटीच्या अंगचीच होती. मग छत मोजले. बंगल्याचे चौदा फूट, आमचे साडेनऊ. फूटभर काठ चौदा फुटांना शोभला, इथे तो आठ इंचांच्या वर नेणे म्हणजे आखूड माणसाला रुंद काठाचे धोतर नेसवणे. भाऊ थोडा हिरमुसला. मग गवंडीच म्हणाला, "फूटभराची फरशी आहे. दोन तुकडे केले तर सहा इंची, तीन केले तर चार इंची. वाया काही जात नाही."

ठरले. पण भावाने लगेच वाटणी केली: बाहेरच्या खोलीला सहा इंची, स्वयंपाकघराला चार इंची. मी काही बोलणार, इतक्यात ओसरीवर शेंगा निवडत बसलेली आई म्हणाली, "पाणी सांडतं ते स्वयंपाकघरात. बाहेर बसून कोण पाणी ओततंय? उंच पट्टी आत लावा."

गवंड्याने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. आज आमच्या स्वयंपाकघराला सहा इंची काठ आहे आणि बाहेरच्या खोलीला चार इंची. जुनी चौकट माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये बसली आहे, आणि तिच्या पायाशी दोन्ही बाजूंना एकेक काळा दगडी ठोकळा आहे.