भिंगाचे द्वार आणि इतिहासाचा चेहरा

इ. स. १८९२ च्या ऑक्टोबरात कोल्हापूरहून एक तरुण संन्यासी बेळगावास आला. प्रथम सदाशिवराव भाटे वकिलांकडे आणि नंतर वनाधिकारी हरिपद मित्र यांच्या घरी त्याचा मुक्काम झाला. त्याच मुक्कामात ‘एस. महादेव अँड सन’ या बेळगावच्या छायाचित्रकारांनी त्याचे छायाचित्र घेतले. पुढच्याच वर्षी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेने स्वामी विवेकानंदांचे नाव जगभर पोहोचविले. कीर्तीपूर्वीचा त्यांचा चेहरा आज पाहावयास मिळतो, याचे काही श्रेय बेळगावातील त्या भिंगाकडेही जाते.

भिंगातून प्रकाश किती यावा, हे त्यातील छिद्र ठरविते. इ. स. १८५८ मध्ये इंग्लंडच्या जॉन वॉटरहाउस यांनी निरनिराळ्या छिद्रांच्या पट्ट्या भिंगात सरकविण्याची युक्ती सुचविली. लहानमोठे होणारे पडदे पुढे रूढ झाले. मोठ्या छिद्रातून येणारे किरण रुंद शंकूसारखे काचेवर येतात. त्यामुळे नेमक्या अंतरावरील वस्तू रेखीव उमटते आणि तिच्या मागचेपुढचे बिंदू पसरट होऊन पुसट दिसतात. छिद्र लहान केले की शंकू निमुळता होतो आणि जवळचे व दूरचेही स्पष्ट येते.

परंतु या स्पष्टतेची किंमत वेळेत मोजावी लागते. छिद्राचा व्यास एक चतुर्थांश केला, तर प्रकाश सोळावा हिस्साच उरतो. एका सेकंदाचे काम सोळा सेकंदांवर जाते. तेवढा वेळ माणसाने निश्चल राहणे कठीण. म्हणून एकट्याच्या चित्रासाठी छिद्र मोठे ठेवणे सोयीचे. मागचा रंगविलेला पडदा अंधुक झाला तरी हानी नव्हती. कुटुंबाच्या तीन रांगा बसविल्या, की मात्र छिद्र लहान करणे भाग पडे. जुन्या समूहचित्रांतील मंडळी ताठ आणि गंभीर दिसतात, त्याचे एक कारण हेही आहे. एखादे चुळबुळे मूल तेवढे धूसर होऊन गेले.

बेळगाव-निपाणीकडील जुन्या घरांतील अशी चित्रे पाहताना हे ध्यानी ठेवावे. मागच्या रांगेतील माणसाचा चेहरा पुढील पिढ्यांस ओळखू यावा की नाही, हे अनेकदा त्या इवल्याशा छिद्रानेच ठरविले आहे.