भट्टीवरची नानकटाई

दिवाळीच्या फराळात नानकटाई नेमकी कधी आली, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. चकली, करंजी, अनारसे यांचं वय कुणी विचारत नाही. ते आहेतच. नानकटाईचं मात्र नावच परकं. 'नान' म्हणजे फारसीत रोटी, आणि 'खताई'चा संबंध खता म्हणजे चीनशी लावतात. जन्म सुरतेचा सांगतात. तिथल्या डचांची बेकरी ते गेल्यावर दोटीवाला नावाच्या पारशाकडे आली, पाव खपेनात म्हणून त्याने ते वाळवून विकले आणि त्यातून पुढे बिस्किटं व नानकटाई निघाली, अशी ती गोष्ट. त्या घराण्याची बेकरी सुरतेत ही गोष्ट कौतुकाने सांगते. प्रत्येक जुन्या बेकरीची अशी एक गोष्ट असतेच म्हणा.

मला कुतूहल आहे ते पुढच्या प्रवासाचं. सुरतेहून मुंबईला येणं समजू शकतं. पण पेण आणि रोहा? माझं घर पेणचं, आजोळ रोह्याचं. दोन्ही गावं भाताची. पेणचे पोहे प्रसिद्ध, पापड प्रसिद्ध, गणपती तर जगभर जातात. यात गहू कुठेच नाही. नानकटाईला लागतो मैदा, साखर, थिजलेलं तूप आणि चहूबाजूंनी सारखी आच. यातलं काहीही आमच्याकडे घरचं नव्हतं!

मैद्याचं उत्तर त्यातल्या त्यात सोपं आहे. महायुद्धात रेशनिंग आलं, आणि १९५६ च्या करारानंतर अमेरिकेचा गहू येऊ लागला. भात खाणाऱ्या घरांत गहू शिरला तो बराचसा रेशनच्या पिशवीतून. तुपाचंही तसंच. १९३७ साली डालडा बाजारात आला. साजूक तूप ऑक्टोबरच्या उकाड्यात पातळ होतं, वनस्पती तूप घट्ट राहतं, आणि नानकटाईचा सगळा खेळ त्या घट्टपणावर आहे. तूप-साखर परातीत तळहाताने फेसायची, पांढरी हलकी होईपर्यंत. त्यात हवा कोंडली जाते. मग मैद्याच्या कणाकणाला तूप लागतं, कणीक चिवट होत नाही, आणि तोंडात टाकल्यावर नानकटाई विरघळते. शिवाय डालड्याचा पिवळा डबा रिकामा झाला की त्यातच ती भरून ठेवायची. कोकणातल्या हवेत दुसऱ्या कशात ठेवली तर दोन दिवसांत सादळते.

राहिली आच. खरा इतिहास इथे आहे असं मला वाटतं.

भाजण्याची कला आमच्याकडे नव्हती असं नाही. सीकेपी घरांत श्रावणात निनाव होतं. रोह्यात ही वस्ती जुनी. चिंतामणराव देशमुखांचं घराणं तिथलंच. बेसन, कणीक, गूळ, नारळाचं दूध आटवून पातेल्यात ओतायचं आणि खाली निखारे, वर झाकणावर निखारे. भानोलंही असंच, काकडीचं धोंडसही असंच. पण हे सगळे ओलसर, जाड पदार्थ. एखादी बाजू थोडी जास्त लागली तरी खपून जातं, उलट खरपूस म्हणून मुलं त्यावरच भांडतात. नानकटाईला हे चालत नाही. शंभर सारखे तुकडे एकाच वेळी, एकाच रंगावर यायला हवेत. त्यासाठी भट्टी हवी, आणि भट्टी होती पाववाल्याकडे.

पाववाल्याकडे जाणं ही आज क्षुल्लक वाटणारी गोष्ट कधीकाळी केवढी मोठी होती, हे पुण्याच्या एका प्रकरणातून कळतं. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला आणि जमलेल्यांपुढे चहा-बिस्किटं आली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कुणी घेतलं, कुणी कप नुसता हातात धरला. पण गोपाळराव जोशांनी (आनंदीबाईंचे यजमान, विक्षिप्तपणाबद्दल प्रसिद्ध) नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली, आणि गावभर वणवा पेटला. ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं. एवढी मोठी माणसं, आणि कारण काय, तर परक्याच्या हातचा कपभर चहा आणि बिस्किट!

आता याच्यापुढे १९७० च्या आसपासचं चित्र ठेवून बघा. पेणमधल्या, रोह्यातल्या त्याच प्रकारच्या घरांतल्या बायका दिवाळीच्या आठ दिवस आधी डोक्यावर डबे आणि हातात मुलं घेऊन मुसलमान पाववाल्याच्या भट्टीवर रांगेत बसलेल्या. कशासाठी? तर घरात लक्ष्मीपूजनाला ठेवायच्या फराळासाठी. मधल्या ८० वर्षांत कुठली परिषद भरली नाही, कुणी ठराव केला नाही. शंकराचार्यांना कुणी विचारलं नाही. हे झालं कसं?

माझा एक अंदाज आहे. आपल्याकडे खरकट्याचा हिशेब पाण्यावर चालतो. पाण्यात शिजलेला भात खरकटा, लाह्या नाहीत. म्हणून तर प्रवासात दशम्या न्यायच्या. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवली की ती सोवळ्यात चालते. आणि नानकटाईत पाण्याचा थेंबही नाही. अंडं नाही. तूप, साखर, मैदा, वेलची. मळणारे हात घरचे, पीठ घरचं, डबा घरचा. दुसऱ्याचा काय तो विस्तव, आणि विस्तवाला कुठला विटाळ? मला वाटतं, आमच्या आज्या-पणज्यांनी शास्त्र मोडलं नाही, शास्त्राला बरोबर त्याच्याच पळवाटेने बाहेर नेऊन बसवलं. पाव मात्र आजीच्या घरी फार उशिरा आला, तोही आजारी माणसासाठी. त्याच भट्टीतला पाव! पण त्यात पाणी होतं ना.

भट्टीवरची दुपार मला चांगली आठवते. भट्टी लाकडाची. आत लाकडं जाळायची, विटा तापल्या की राख ओढून काढायची आणि पहिल्या कडक आचेवर पाव. पाव निघाले की भट्टी उतरू लागते, आणि नानकटाईला हीच उतरती आच हवी. म्हणून घरगुती डब्यांची पाळी नेहमी पावानंतर. उशीर झाला म्हणून बायका कुरकुरायच्या, पण पाववाल्याचा त्यात काही दोष नव्हता. त्याची भट्टी स्वतःच्या घड्याळाने चालायची. काळे पत्रे मिळायचे, त्यावर आपापले गोळे लावायचे. पत्रे अदलाबदल होऊ नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण. कुणाची चारोळी, कुणाचा पिस्त्याचा काप, कुणी बोटाने खळगा करायचं, कुणी काट्याने रेघा ओढायचं. आमची जायफळाची चिमूट. पैसे किलोवर. रात्री आठ-नऊला गरम डबे घेऊन परत, आणि वाटेत झाकण उघडायचं नाही अशी सक्त ताकीद (वाफ धरते).

काही घरं नानकटाईबरोबर बिस्किटंही करून आणायची. भट्टीवाल्याकडे हाताने फिरवायचं एक यंत्र असायचं. वरून पीठ घालायचं, पुढून रेघारेघांची पट्टी निघायची, ती तो पात्याने कापत जायचा. आम्ही मुलं ते बघायलाच जायचो. ते यंत्र म्हणजे मोठा सोऱ्याच. गंमत अशी की जर्मनीत नाताळच्या लोण्याच्या बिस्किटांना 'श्प्रिट्स' म्हणतात, म्हणजे दाबून पिचकारीसारखी काढलेली, आणि त्यांचं ते दाबायचं उपकरण आपल्या चकलीच्या सोऱ्याचं सख्खं भावंड शोभेल. पेणच्या एका काकूंनी हे कुठलंही पुस्तक न वाचता ओळखलं होतं. त्या चांदणीची चकती लावून सोऱ्याने बिस्किटं पाडायच्या. फक्त तूप सैल झालं की चांदणी पसरते, म्हणून सोऱ्या आधी माठाच्या पाण्यात गार करायच्या.

मग १९९३ साल आलं. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळ शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली आणि मार्चमध्ये मुंबईत फुटली. शेखाडी आमच्याच जिल्ह्यातलं. त्याआधी डिसेंबर-जानेवारीत दंगली होऊन गेल्या होत्या. रोह्याहून श्रीवर्धन काही फार लांब नाही. आमच्याकडे दंगल झाली नाही, पण माणसं हळू आवाजात बोलायला लागली. १८९० मध्ये प्रश्न विटाळाचा होता, आता वेगळाच होता. दिवाळी जवळ आल्यावर घरात विषय निघाला की यंदा नानकटाई नकोच, बाहेरून आणू पुड्यातली. आजी चकल्या पाडत होती. ती एवढंच म्हणाली, "पुड्यातली काय त्याच्या काकाने भाजली नसेल कशावरून?" आणि तूप फेसायला घेतलं. त्या वर्षी भट्टीवर रांग लहान होती, हे मी पाहिलं आहे. पण होती. पाववाल्याने आमच्याकडून पैसे घेतले नाहीत. आजीने ते दुसऱ्या दिवशी फराळाच्या ताटाखाली ठेवून पाठवले. यावर दोघांत कधी बोलणं झाल्याचं मला माहीत नाही.

ही पद्धत संपली ती कुठल्या भांडणाने नाही. संपली ती सोयीने. काचेच्या झाकणाचा तो गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन आधीच काही घरांत आला होता, नंतर ओटीजी आले. १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत पोचली, धाटावच्या कारखान्यांच्या पाळ्या चालू होत्या, बायका नोकरीला लागल्या. भट्टीवर बसायला दुपार कुणाकडे उरली? आता भट्ट्यांचंही खरं नाही. मुंबईतल्या लाकडाच्या भट्ट्या बदलण्याचा आदेश जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने दिला. धुराचा विचार केला तर योग्यच. आणि डालड्यातले ते ट्रान्स फॅट, ज्यावर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, तेही आम्ही वर्षानुवर्षं आनंदाने खाल्ले. असो.

आता मी घरी ओटीजीत करते. साजूक तूप फ्रीजमध्ये थिजवून घेते. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, मूठभर बेसन, चिमूट सोडा, १६० अंशांवर वीसेक मिनिटं. एका वेळी बाराच मावतात. आजीच्या वहीत याच प्रमाणाखाली पेन्सिलीने लिहिलंय : "पत्रे ४. पाव निघाल्यावर जाणे. जायफळ विसरू नये."